नख बुडतंय तोवर

“या टायरात आता रबर नाय राहिलं, नुसती सवय राहिलीय,” गणूभाऊ म्हणाले.

ते मला म्हणाले नव्हते. बाकावर माझ्या शेजारी एक टेम्पोवाला आपल्या पंक्चरची वाट बघत बसला होता, त्याला म्हणाले. आमच्या मोटरसायकलचं मागचं चाक काढून त्यांनी आडवं टाकलं होतं आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून ते बुडबुडे शोधत होते. बाबा रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेले होते. खोपोलीच्या शिळफाट्यावर मे महिन्याच्या दुपारी जो कलकलाट असतो, त्यात हे वाक्य सहज हरवलं असतं. पण मी फारसं न बोलणारी मुलगी आहे, आणि न बोलणाऱ्यांना जरा जास्तच ऐकू येतं.

“मग सांगत का नाय त्यांना?” टेम्पोवाल्याने विचारलं.

“मी? मी सांगितलं तर म्हणतील, गण्याला टायर खपवायचाय. आणि त्यांना काय सांगायचं? टायर कसा जपायचा ते निम्म्या कंपनीला त्यांनी शिकवलंय.”

बुडबुडा सापडला. गणूभाऊंनी त्या जागी बोट दाबून ट्यूब बाहेर काढली. तेवढ्यात बाबा चहाचे ग्लास बोटांत अडकवून रस्ता ओलांडून आले.

“खिळा का रं, गणू?”

“काच. बारीक होती.”

“मग टायरचा काय दोष नाय,” बाबा समाधानाने म्हणाले. “दिवाळीपर्यंत काढायचा याला. दिवाळीला मी कंपनीतनं मोकळा, हा गाडीतनं मोकळा.”

गणूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

आज आणि दिवाळी यांच्यामध्ये अख्खा पावसाळा आहे, ही गोष्ट बाबांच्या बोलण्यात कुठेच नव्हती. आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यावर. बाबांची कंपनी मोहोपाड्याला. पहिली पाळी असली की ते अंधारात निघतात. शिळफाटा, खालापूर, चौक, मग दांडफाट्यावरून आत. पावसाळ्यात त्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांमागून पाण्याची धूळ उठते आणि पुढचा माणूस फक्त एका लाल दिव्याएवढा दिसतो. त्या दिव्यांमधला एक दिवा बाबांचा असतो. याच टायरवर ते जून, जुलै, ऑगस्ट जाणार होते, आणि ते कुणीतरी थांबवायला हवं होतं. गणूभाऊंच्या नजरेचा अर्थ मला नीट कळला. फक्त हे अगदी असंच याआधीही एकदा झालं होतं, आणि तेव्हा जे झालं त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

मे आला की रस्त्याचा एक वास येतो. डांबर तापलेलं, त्यावर कुठूनतरी आलेला राबाचा जळका वास. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा शेतकरी पालापाचोळा, शेण टाकून भाजून घेतात. सगळं शिवार पिवळं वाळलेलं आणि मध्ये मध्ये काळे चौकोन. माथेरानचा डोंगर धुरकट होतो, नसल्यासारखा. रस्त्याकडेला ठाकर आदिवासींच्या बाया पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसतात. शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात, काचा खाली होतात, करवंदं आत जातात, काचा वर होतात. आणि शिळफाट्याच्या बाजारात एकाएकी सगळं निळं होतं. दुकानांबाहेर ताडपत्र्या टांगलेल्या. त्यांच्या शेजारी सुकट, सोडे, बोंबील यांचे ढीग. उन्हात उभं राहून लोक पावसाची खरेदी करत असतात. लहानपणापासून हे बघते आहे, तरी दर वर्षी मला त्यात काहीतरी विचित्र वाटतं. आभाळात काही नाही, आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

तो आधीचा मे असाच होता. म्हणजे या टायरच्या आधीच्या टायरचा शेवटचा मे. माझं कॉलेज संपलं होतं आणि मला कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर काम मिळालं होतं, इंग्रजी बोलते म्हणून. बाबांची दुसरी पाळी असेल तेव्हा ते सकाळी मला सोडायला यायचे, पहिली असेल तेव्हा संध्याकाळी आणायला. त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी बाबांच्या मागे जितकी बसले तितकी आधी कधी बसले नव्हते. बाबांची पाठ, त्यांच्या कॉलरला लागलेली पावडर, आणि माझ्या खाली तो टायर.

बाबांना टायर जपायचं वेड आहे असं आई म्हणते. मला ते वेड वाटत नाही. दुसरं काय म्हणायचं तेही सुचत नाही. ते हवा कधीच पंपावर भरत नाहीत. पंपापर्यंत जाईतो टायर तापतो, आणि तापलेल्या टायरची हवा खोटं बोलते, असं ते सांगतात. म्हणून सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, अंगणात पायपंप. मी मागे बसणार असले की मागच्या चाकात थोडी जास्त. मला ते उगाचच लाजिरवाणं वाटायचं, माझं वजन कुणीतरी रोज सकाळी लक्षात घेतंय म्हणून. उन्हाळ्यात हवा फुगते, थोडी काढून टाका, असं गावातली पोरं सांगायची. बाबा म्हणायचे, “तापल्यावर काढाल आणि निवल्यावर रडाल.” मी मोबाइलवर शोधून बघितलं. काही जण पोरांसारखं सांगत होते, काही बाबांसारखं. मी मोबाइल बंद केला.

ब्रेक ते जवळजवळ लावतच नाहीत. गतिरोधक दिसायच्या कितीतरी आधी हात सैल सोडतात आणि गाडी आपोआप दमत दमत तिथे पोचते. चेन ढिली पडली की दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून घेतात, चाक तिरकं राहिलं तर टायर एकाच अंगाने झिजतो म्हणून. आणि उन्हाळ्यात सावली. अंगणात गाडी आंब्याखाली मधल्या स्टँडवर, आणि ऊन सरकून चाकावर आलं की वर ओलं नाही, कोरडं गोणपाट. आई पापड वाळत घालताना म्हणायची, “बघा. टायरला सावली हाय. मी हाय उन्हात.”

“तू काय झिजतेस गं,” बाबा म्हणायचे.

“ते तुमाला कसं कळंल? माझ्यावर कधी नख लावून बघितलंय?”

नख लावायचं ते रविवारी. टायरवरच्या खाचांना बाबा नक्षी म्हणतात. रविवारी सकाळी ते स्टुलावर बसून मागचं चाक हळूहळू फिरवायचे आणि नक्षीत अडकलेले खडे काढायचे. त्यासाठी माझ्या केसांचा आकडा. दुसरं काही चालत नाही, स्क्रू-ड्रायव्हरने रबर दुखावतं. मी शेजारी उकिडवी बसून आकडा द्यायचे, घ्यायचे. एकेक खडा फरशीवर टक् करून पडायचा. तो आवाज मला फार आवडायचा. बोलावं लागत नाही अशी कामं मला आवडतात.

सगळे खडे निघाले की बाबा म्हणायचे, “बाय, नख लाव.”

मी अंगठ्याचं नख नक्षीच्या खाचेत उभं धरायचे.

“बुडतंय का गं?”

बाबांना जवळचं दिसत नाही. चष्मा खिशात असतो, पण टायर बघायला चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांची बोटं कंपनीत इतकी वर्षं काम करून अशी झाली आहेत की बारीक काही त्यांना लागत नाही. म्हणून माझं नख. शाळेत होते तेव्हापासून हे काम माझं. तेव्हा नख पार बुडायचं आणि मी म्हणायचे, “बुडतंय.” त्या मे महिन्यात मात्र नख खाचेत धरलं की ते खाली टेकायचं आणि तरी सगळं वरच राहायचं. खाचेत मध्ये मध्ये रबराचा एक बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला आली की टायर संपला असं समजायचं. टायरच्या कडेला त्यासाठी एक छोटा त्रिकोण असतो, आत कुठे बघायचं ते दाखवणारा. त्या महिन्यात त्रिकोणापाशी नख ठेवलं की ते खाचेतून उंचवट्यावर जाताना अडखळायचंच नाही.

“बुडतंय का गं?”

“हं.”

मी ‘हो’ म्हटलं नाही. पण बाबा चाक एकदा जोरात फिरवून द्यायचे, उठायचे, आणि हात धुवायला जायचे.

त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी नवीन मारली होती. जाड, गुळगुळीत, दुपारी डोळ्यांवर येणारी. बाबांच्या कंपनीतल्या जुन्या लोकांचं एक शास्त्र आहे, ते मी दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. डांबराची खडी टायरला खाते, रंग खात नाही. म्हणून गाडी पट्टीवरून चालवायची. कुणी सुरू केलं ठाऊक नाही. गणूभाऊ म्हणतात बाबांनीच. सकाळी चौकच्या पुढे बघितलं तर पाळीला जाणारे सगळे एकामागे एक त्या पट्टीवर, मुंग्यांसारखे, कुणी कुणाला ओलांडत नाही. मे संपेपर्यंत पट्टी मधोमध काळी होते. म्हणजे रबर तिथेही जातंच आहे, हे मला मागे बसून दिसायचं. आणि पट्टी ओली झाल्यावर काय होतं तेही मला ठाऊक होतं. आमच्या रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये तसल्याच पट्ट्या आहेत. एकदा बागेला पाणी देताना नळी तिकडे वळली आणि आमचा वेटर हातातल्या ट्रेसकट आडवा झाला.

बाबांना मी विचारलं होतं एकदा, मागून, वाऱ्यात. “बाबा, पावसात पण पट्टीवरून?”

“काय?”

“काही नाही.”

रिसॉर्टमध्ये माझं काम काय होतं, तर दिवसभर लोकांना सावध करणं. नदीत उतरू नका, दगड निसरडे आहेत. पोहण्याच्या तलावाच्या कडेने धावू नका. रात्री टॉर्चशिवाय झाडांत जाऊ नका, साप असतात. हे मी अनोळखी माणसांना दोन भाषांत हसतमुखाने न अडखळता सांगायचे. माझ्या शाळेतली इंग्रजी अशा वेळी छान इस्त्री केलेल्या कपड्यासारखी अंगावर यायची. तो कपडा घातला की मी वेगळीच कुणी असायचे. संध्याकाळी बाबांच्या मागे बसले की कपडा उतरायचा, आणि मग माझ्याकडे ‘हं’ उरायचं.

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात सगळ्या गाड्या एका रांगेत लागल्या होत्या. वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि पुरुषमंडळी वाट्या हातात घेऊन गाड्यांभोवती उभी राहिली. त्यांच्या गप्पा दर वेळी तिथेच पोचतात. कुणाचा टायर किती चालला. एका काकांनी बाबांच्या मागच्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, “दादा, हा तोच हाय? पहिला?”

“तोच.”

“अजून?”

“अजून.”

काकांनी दुसऱ्या काकांना बोलावलं. दोघे वाकून बघायला लागले. मला त्या वेळी बाबांचा चेहरा दिसत होता. कंपनीत त्यांना कधी बढती मिळाली असेल, कधी सत्कार झाला असेल, तर तो मी बघितलेला नाही. पण तो चेहरा तसा काहीतरी असावा. खिरीची वाटी हातात, आणि आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट इतरांना माहीत नाही याचा शांत आनंद. अशा चेहऱ्याला ‘नख बुडत नाही’ हे कसं सांगायचं? आणि ते दोघे काका वाकून बघत होते, त्यांना दिसत नव्हतं का? की दिसत होतं आणि तेही ‘हं’ म्हणत होते? आम्ही सगळेच एकाच टायरला ‘हं’ म्हणत असू, तर मग त्यात माझं वेगळं काय?

त्या दिवसांत मी एक विचार करायचे आणि तो कुठेच पोचायचा नाही. टायरचं आयुष्य वाढवायचं म्हणजे नक्की काय? हवा नीट ठेवा, ब्रेक कमी लावा, उन्हात ठेवू नका, हे खरंच आहे. त्याने टायर जास्त चालतो, बाबांनी दाखवून दिलं आहे. पण कुठल्यातरी एका दिवसापर्यंत तुम्ही टायरला जपत असता आणि त्यानंतर टायरला न सोडून स्वतःला धोक्यात घालत असता. तो दिवस दिसतो कसा? नक्षी एका रात्रीत जात नाही. आज होती तेवढीच उद्या वाटते. रोज बघणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. आणि ज्याने इतकं जपलं त्यालाच सोडायला सांगायचं, हे मला उद्धटपणाचं वाटायचं की दयाळूपणाचं, ते मला ठरवता येत नव्हतं. आकाशात मग ढग यायला लागले. रोज दुपारी यायचे आणि संध्याकाळी निघून जायचे. मला हायसं वाटायचं, जणू मला मुदतवाढ मिळाली.

मग दादा आला. माझा मोठा भाऊ, पुण्यात असतो. नेरळला मावशीच्या मुलीचं लग्न होतं म्हणून आला होता. शिळफाट्यावर बसमधून उतरला आणि गणूभाऊंच्या दुकानात पाणी प्यायला थांबला, तिथे गणूभाऊंनी त्याला चारचौघांत ऐकवलं. “पुण्याला मोठ्या गाडीतनं फिरतोस, बापाच्या टायरकडं बघ जरा.” बाकीचे हसले असणार. दादा घरी आला तो लाल होऊन. बाबा रात्रपाळी करून झोपले होते. त्याने चावी घेतली, गाडी काढली, आणि तासाभराने परत आणली.

बाबा उठले, चूळ भरली, आणि सवयीने गोणपाट घेऊन आंब्याखाली गेले. मी ओटीवर लसूण सोलत होते. ते गोणपाट हातात धरून उभेच राहिले. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, सगळीकडून उभे राहिलेले. बाबांनी खाली बसून त्या केसांवरून तळहात फिरवला. काळ्या मांजरावरून फिरवावा तसा.

“जुना कुठाय?” त्यांनी विचारलं.

“गणूभाऊंकडे टाकला,” दादा आतून म्हणाला. “बाबा, काही नव्हतं हो त्यात. पार गुळगुळीत होता. मरायचंय का?”

“असं,” बाबा म्हणाले.

ते रागावले नाहीत. लग्नाला आम्ही त्याच गाडीवरून गेलो, आणि बाबा नेहमीपेक्षाही हळू चालवत होते. कारण विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं, “नवा पण घसरतो. पयले काय दिवस. वरचं तेलकट जाईस्तो.” मला ते खोटं वाटलं. घरी येऊन शोधलं तर खरं निघालं. म्हणजे झिजलेला घसरतो आणि न झिजलेलाही घसरतो. मधल्या काळात तेवढा भरवसा. 

हळदीच्या मांडवात, बँजो जरा थांबला होता तेव्हा, बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. दोघांनी समोर बघत सरबत प्यायलं. मग ते म्हणाले, “तुझं नख लागायचं त्याला. दर रविवारी.”

मी मान हलवली.

“तू सांगितलं असतंस तर काढला असता मी.”

बँजो परत सुरू झाला. ते उठून नाचणाऱ्यांकडे गेले, टाळ्या वाजवायला लागले.

ते वाक्य मी तेव्हापासून उलटंसुलटं करून बघते आहे. ती तक्रार होती का? म्हणजे माझ्यामुळे दादासमोर आणि गणूभाऊंच्या दुकानात त्यांचं हसं झालं, असं? की तो विश्वास होता, की घरात ज्याच्या सांगण्यावर मी टायर काढला असता तो माणूस तू होतीस? की त्यांना आधीपासून माहीत होतं, नक्षी गेली आहे ते, आणि ते दर रविवारी मला टायरबद्दल विचारतच नव्हते? कुणी इतक्या वेळा तोच प्रश्न विचारत असेल तर त्याला उत्तर ठाऊक नाही म्हणून विचारतं, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं म्हणून? मला खरंच कळत नाही. विचारावं, तर त्यासाठीही बोलावं लागेल.

त्यानंतर आमच्या रविवारात फरक पडला असं नाही. नवा टायर जुना होत गेला. बाबांनी त्यालाही पहिल्यासारखंच जपलं, दादाने आणलेला आहे म्हणून राग धरला नाही. पायपंप, आंबा, गोणपाट, पट्टी. माझा आकडा. मध्ये एकदा बाबांनी मला पुढच्या टायरची कड दाखवली. पुढचा टायर कमी झिजतो. त्याची नक्षी चांगली खोल होती, पण कडेला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, सुकलेल्या शेतासारख्या.

“हे कशानं?” मी विचारलं.

“वय झालं. रबर चाललं नाय तरी कडक होतं. ठेवून ठेवून पण जातं ते.”

“मग जपायचं कशाला?”

ते माझ्याकडे बघून हसले. “जपलं म्हणून तर हितवर आलं.”

रात्री झोपताना मला ते पुढचं चाक दिसत राहिलं. मी शाळेत वर्गात कधी हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, पण ठेवून द्यायचे, पुढच्या वेळी देऊ म्हणून. मैत्रिणींना जे सांगायचं ते ठेवून दिलं. एका मुलाला सांगायचं होतं तेही. वाटायचं, ठेवलेलं राहतं. आता वाटतं, कडेला चिरा पडत असतील. पण मग हेही वाटतं, की माझं हे जपणं मी बाबांकडूनच शिकले असणार, आणि ज्याच्याकडून शिकलो त्यालाच ते मोडून दाखवायचं, हे कसं?

या वर्षी मे आला. राब भाजले, ताडपत्र्या टांगल्या, माथेरान दिसेनासं झालं. काल शनिवारी मला रिसॉर्टवरून घेऊन बाबा सुकट आणायला म्हणून शिळफाट्यावर गेले, तिथे काच घुसली, आणि गणूभाऊंनी ते वाक्य म्हटलं. परतताना मी मागे बसून खाली बघत होते. पट्टी यंदाही नवीन मारली आहे. बाबा तिच्यावरूनच चालले होते, एका रेषेत, कणभर इकडे तिकडे नाही. इतकं सुंदर गाडी चालवणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. माझ्या पायाखाली ती पांढरी पट्टी न तुटता मागे मागे जात होती, आणि मला जूनमध्ये ती कशी चमकेल ते दिसत होतं.

आज रविवार. सकाळी आई ओटीवर पापडांच्या पिठाचं पातेलं घेऊन आली तेव्हा बाबा स्टुलावर बसले होते. मी केसांतून आकडा काढून दिला. खडे फार नव्हते. खडा अडकायलासुद्धा खाच लागते. चाक फिरत होतं, आणि बराच वेळ काहीच पडत नव्हतं. एकदा टक् झालं, मग नाही.

“झालं,” बाबा म्हणाले. “बाय, नख लाव.”

मी त्रिकोण शोधला. त्याच्या वर, आत, अंगठ्याचं नख उभं धरलं. सकाळचं रबर थंड होतं. नख खाचेतून उंचवट्याकडे सरकवलं. काही अडलं नाही. मी दुसऱ्या त्रिकोणापाशी बघितलं. मग तिसऱ्या. आई पापड टाकता टाकता थांबली असावी, कारण तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“बुडतंय का गं?”

बाबा टायरकडे बघत नव्हते. खिशातला चष्मा खिशातच होता. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. घाई नव्हती एवढं खरं. ‘हं’ नेहमीच्या जागी येऊन थांबलं. मी ते गिळलं. अंगठा अजून टायरवरच होता.

“नाही बुडत, बाबा,” मी म्हणाले. “अजिबात नाही बुडत.”